तानाबाईची फटफटी

— न्हाय न्हाय, मल्लप्पानं चोरली न्हाय. म्या न्यायला लावली. लिवा तसंच — तानाबाई सुईण, ऱ्हानार दुधनी. कापसाच्या जिनाचे कारकून तुमी, मालकानं एवढ्या लांब वस्तीवर चौकशीला धाडलंय, तर नीट ऐका की. फटफटीचा दिवा कुणी फोडला म्हंता? बाभळीनं. तिला नोटीस धाडा.

आवं, रत्नम्मा अडली हुती, ह्याच घरात. पोर पायाळू. बैलगाडीची वाट नदीला वळसा घालून — म्हंजे अर्धा दिस. आन् जिनाच्या दारात ही फटफटी हुबी, मल्लप्पा मिस्त्री तिला फडक्यानं पुसतोय, जशी नवी नवरी! म्या म्हनलं, रानातनं घिऊन चल. तो म्हनला, "तानाक्का, मालक कातडं सोलतील." म्हनलं, सोलू दे, मी हळद लावते. आन् बसले की मागं — काष्टा आवळून, दोन्ही अंगाला पाय टाकून. हसू नका! एका अंगानं बसले असते तर पयल्याच खड्ड्यात ऱ्हायले असते.

वाट कसली, शेरडांची रेघ ती! बोराटीचे काटे, हिवराच्या फांद्या, तरवड छातीएवढा — त्यात गाडी शिरली ती रानडुकरावानी. लुगडं फाटलं, आंबाडा सुटला — आन् एक फांदी सपकन् मल्लप्पाच्या कपाळाला. रगात दोन्ही डोळ्यांत. "तानाक्का, दिसंना!" थांबाय लागला. म्या पाठीत बुक्की घातली — थांबतोस कुटं, मुडद्या? त्याचे हात दांड्यावर, माझे त्याच्या हातांवर. यंत्र त्यानं बगायचं, वळवायचं म्या. व्हय, मीच चालवली! हे लिवू नका... बरं, लिवा. ओढ्याच्या काठाला आपटलो, तवाच दिवा गेला. म्हंजे बाभळीचा दोष न्हाय, माझाच. पर गाडी पुन्यांदा धडधडली आन् — सांगू? मी वरडत हुते. भ्यानं न्हवं, खुशीनं! पन्नाशीची बाई!

पोचलो. हात घातला, पाय धरले, वडली पोरगी — पाठीत थापटी दिली, आन् असा टाहो फोडला की कोंबड्या पळाल्या. दोघी जित्या हायत. ऐकू येतंय न्हवं आतनं?

काय? मालक म्हंत्यात, बैलगाडी हुती की? व्हय, हुती. अंबूच्या येळेला बी बैलगाडीच हुती. माझी लेक हो. साऱ्या गावची सुईण मी, आन् पोचले तवा तिला अंगणात निजवलेलं — पोटातल्यासकट —

काय बगताय? ते कागदावर घालायचं न्हाय. खोडा. खोडा म्हनते न्हवं! आन् उठा आता. बाळंतिणीच्या दारात पुरुषमाणसानं इतका येळ बसू न्हाय.