पहिल्या रांगेत बसायचा मान

“परक्यांच्या बोलण्याला कान देऊ नये,” सासूबाई सांगायच्या. पण बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन मुली बोलत होत्या आणि माझा जप मध्येच थांबला.

“विद्यापीठाचं कवितेचं बक्षीस घ्यायला निघालीस, आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं?”

“कविता आई गेल्यावरची आहे.”

“कोण गेलं? काकू सकाळीच माझ्याशी फोनवर बोलल्या.”

“म्हणून तर. परीक्षकबाईंनी फोन करून माझं सांत्वन केलं. आईविना पोर गं तू, म्हणाल्या. मी थँक्यू म्हणाले.”

“शाबास. धडधाकट बाईला मारून बक्षीस.”

“हळू बोल ना. आईला सांगितलंय, घरच्यांना बोलवत नाहीत.”

“त्या काय म्हणाल्या?”

“आजच्यासाठी काढलेले इस्त्रीचे कपडे परत कपाटात ठेवले. लहानपणी मीच शब्द दिला होता, पहिलं बक्षीस मिळालं की तुला पहिल्या रांगेत बसवीन.”

“मग बसव.”

“आणि परीक्षकबाईंना काय तोंड दाखवू?”

“त्या आज भेटतील नि विसरतील. आई घरी रोज भेटणार आहे.”

बस आली.

“तू हो पुढे, पहिल्या रांगेत एक जागा धर,” ती मैत्रिणीला म्हणाली. मग रस्ता ओलांडून, उलट दिशेला जाणाऱ्या बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.