वाटणीतला व्हिडिओ गेम

...आता तुमीच सांगा, आठ बाय दहाच्या खोलीत माणसानं ठेवावं तरी काय काय? एक गव्हाची कोठी, ती तर पाह्यजेच, एप्रिलात सालभराचा गहू नाही भरला तर लोक इचारतात, काहो, यंदा घर चालवून राह्यले का धर्मशाळा? एक लोखंडी दिवाण, दिवाणावर पाहुण्यायच्या गाद्या पार छताले टेकलेल्या. खिडकी म्हणाल तर एकच, अन् त्या खिडकीत कूलर, अन् अमरावतीच्या उन्हाळ्यात कूलर काढा म्हणणारा माणूस अजून जन्माले यायचा हाये! अन् एवढ्या सगळ्यात आमच्या ह्यायनं आणला कॉम्प्युटर. नवा नाही हो! नवा असता तर मांडीवर मावला असता. जुना! पंचवीस वर्षाचा, पिवळा पडलेला, मागून ढेरी सुटलेला मॉनिटर, उचलाले दोन माणसं लागतात. अन् मॉनिटर कमी पडला म्हणून कबाड्याकडून एक डब्बा टीव्ही. अन् टीव्ही कमी पडला म्हणून माळ्यावरचा लहानपणीचा व्हिडिओ गेम, तो कॅसेटवाला. आठ बाय दहाची खोली, तुमीच सांगा!

हे म्हणजे माह्ये मिस्टर, नागसेन. पाटबंधारे ऑफिसात क्लर्क हायेत. मी माया. माणूस गरीब, सुपारीचं खांडही खात नाही, पण गेल्या सहा वर्षापासून ह्यायच्या तोंडातून दोनच शब्द निघतात. राहू दे. भाजीत मीठ टाकायचं राह्यलं, हे म्हणतात, राहू दे. गाडीले मागून एकानं ठोकलं, लाइट फुटला, मी त्याची गचांडी धराले उतरली तर हे म्हणतात, राहू दे. प्रमोशनच्या यादीत नाव नाही, अर्ज करा ना म्हटलं... राहू दे! डॉक्टरकडे नेलं एक दिवस ओढून. डॉक्टरनं इचारलं, "कुठं दुखते?" हे म्हणाले, "कुठंच नाही." अन् डॉक्टरनं बीपी पाह्यला अन् पाठवलं घरी! अहो डॉक्टरसाहेब, मले तेच तर सांगायचं होतं, का सहा वर्ष झाले ह्या माणसाले कुठंच दुखून नाही राह्यलं!

म्हणून जेव्हा एका रविवारी हा माणूस आपल्या पायानं उठला, टेप घेतला अन् खोली मोजाले लागला, तेव्हा मी तोंडावर बोट ठेवलं. खोटं नाही सांगत. मनात म्हटलं, मांड बापा, काय मांडायचं ते मांड, माहा गहू उघड्यावर पडला तरी बेहत्तर, पण तुले कायचं तरी मन झालं, सहा वर्षानं!

पण मांडणंही कसं! पहिले टेबल लावला पूर्वेच्या भिंतीले. मंग वर पाह्यलं तर बाबासाहेबांची तसबीर अन् बुद्धाची मूर्ती. आता त्यायच्या खाली बसून धडाधड गोळ्या झाडायच्या का? हलवला टेबल. खिडकीखाली लावला तर कूलरचं पाणी उडे, थेंब थेंब, सारे मॉनिटरच्या मागच्या जाळीत. हलवला. दाराजवळ लावला तर दार अर्धंच उघडे, अन् अर्ध्या दारातून मी आत जात नाही, माहं शरीर तुमी पाहूनच राह्यले! हलवला. चौथ्या भिंतीले कोठी. ह्यायनं कोठीकडे पाह्यलं, कोठीवर हात फिरवला, अन् टीव्ही उचलून ठेवला कोठीवर. वर टीव्ही, बाजूले टेबलावर मॉनिटर, दोन्ही बराबर उंचीवर, थेंबही येत नाही. झालं! बसलं म्हणे बराबर. अहो बसलं, पण कोठी तर रिकामी हाये! कोठी वरून भरतात! परवा गव्हाचे पोते येऊन राह्यले, ते काय मी टीव्हीच्या नाकातून भरू? तर हे म्हणतात काय? तुमाले तर माहीतच हाये काय म्हणतात.

पोरगी आली आतमधी, प्रणाली, बारावीले हाये. तिनं कमरेवर हात ठेवून पाह्यलं अन् म्हणे, "बाबा, हे सगळे गेम मोबाइलमधी येतात. फुकट." राहू दे, म्हणे.

तर सगळं लागलं. वायरी खिळ्यानं ठोकून झाल्या, स्टॅबिलायझर आला, कॉम्प्युटरचा मॉनिटरही सुरू झाला, एक पांढरी रेघ टुकटुक करे. पण ह्यायनं त्याच्याकडे पाह्यलंही नाही. हे गेमच्या मशीनसमोर बसले, मांडी घालून, हातात रिमोट धरून, बंद टीव्हीकडे पाहत. एक रविवार. दोन रविवार. मी म्हटलं, अहो, सुरू तर करा! तर म्हणे, "अडाप्टर नाही ना."

अन् अडाप्टर कुठं हाये? अकोल्याले! लहान्या भावाकडे! काहून? आता हे ऐकाच तुमी.

माह्ये सासरे शेषराव, एसटीच्या वर्कशॉपमधी मेकॅनिक. अकोल्याच्या जुन्या शहरात दोन खोल्या. बायको लवकर गेली, दोन पोट्टे एकट्यानं वाढवले, अन् एका दिवाळीच्या बोनसमधी पोट्ट्यायले हा गेम आणून देल्ला. सासरे वारले, जलदानाचा विधी झाला, अन् दुसऱ्या दिवशी वाटणीले बसले पुंजाजीकाका. सासऱ्याचे सख्खे भाऊ. पुंजाजीकाका म्हणजे घरातलं कोर्टच, अपील नाही. "हे पाह्य बापू," म्हणे, "दोन पोट्टे, दोन हिस्से. उद्या कोणी म्हणाले नाही पाह्यजे का काकानं काटा मारला!" अन् लागले वाटाले! खुर्च्या सहा, तीन-तीन. पलंग एकाले, गादी दुसऱ्याले. मिक्सर एकाले, त्याचे भांडे दुसऱ्याले! अन् गेम आला पुढ्यात. मशीन नागसेनले, म्हणे, अन् त्यात ती कॅसेट तर अडकूनच बसलेली, ती सोबत. अडाप्टर लहान्या कुलदीपले. रिमोट एक ह्याले, एक त्याले. मी घुंगट न घेता तोंड उघडलं, म्हटलं, काकाजी, हे असं चालन कसं? तर म्हणे, "चालवायचं कोणाले हाये बाई? हिस्सा बराबर पाह्यजे!"

अन् दोघंही भाऊ खाली मान घालून बसलेले. एक बोलला नाही, दुसरा बोलला नाही. कारण का बोलणं चार दिवस आधीच बंद झालं होतं.

ते असं झालं. सासरे गेले पहाटे. कुलदीपनं ह्यायले फोन केला, "दादा, बाबाची तब्येत जास्त हाये. निघून ये." आता आपल्या इकडं गेल्याचं फोनवर कोणी सांगते का? नाही सांगत! माणूस रस्त्यानं एकटा येणार, त्याचं काही बरंवाईट झालं तर? म्हणून तब्येत जास्त हाये म्हणतात, अन् ऐकणारा समजून घेते. सारं वऱ्हाड समजून घेते! एक आमचे हे नाही समजले. हे एसटीत बसले, मूर्तिजापूरले गाडी थांबली तर खाली उतरले, अन् दाबून दाबून, एक-एक पाहून, दोन किलो मोसंब्या घेतल्या. बाबाले रस काढून देऊ म्हणून. अन् गल्लीच्या कोपऱ्यावर पोचले तर दारासमोर बांबू. ती थैली ह्यायच्या हातातून कोणी घेतली, कुठं ठेवली, आजवर कोणाले माहीत नाही. हे रडले नाहीत. कुलदीपले एवढंच म्हणाले, "तू मले खोटं बोलला." तो म्हणे, "दादा, शंभर किलोमीटर एकटा येणार होता तू, काय सांगू फोनवर?" बस. त्याच्यानंतर सहा वर्ष... राहू दे.

तर मी काय केलं? बाजारातून अडाप्टर आणला, दोनदा. दोन्ही वेळा हे म्हणे, "पिन उलटी हाये, मशीन जळन." आता मले मशीनमधलं काही समजत नाही, पण माणसातलं समजते! ह्यायले दुसरा अडाप्टर नकोच होता. अन् फोन करन का? मरन पण करणार नाही! मंग रविवारी सकाळी मी गॅलरीत गेली अन् कुलदीपभाऊजीले फोन लावला. लावला तर खरा, पण बोलू काय? अडाप्टर पाठवा म्हटलं असतं तर त्यायनं तो एसटीच्या ड्रायव्हरजवळ देल्ला असता अन् मोकळे झाले असते. मले अडाप्टर नव्हता पाह्यजे, अडाप्टरवाला पाह्यजे होता. अन् तोंडातून निघून गेलं...

"भाऊजी, तुमच्या दादाची तब्येत जास्त हाये. निघून या."

अन् वरून अजून म्हटलं, "अन् येताना तो गेमचा अडाप्टर आणजा."

तिकून म्हणाले, "बरं वैनी." फोन बंद. अन् तेव्हा माह्या ध्यानात आलं, माय वं! मी हे काय बोलून बसली!

परत लावला तर उचलून नाही राह्यले. दहा वेळा लावला. मी देवाधर्माची बाई नाही, पण तेव्हा काय काय पुटपुटली ते माहं मले माहीत. अन् साडेबारा वाजता दारासमोर जीप थांबली, अन् जीपमधून आधी उतरला आवाज! "नागसेन रे, माह्या लेकरा, काय वय होतं रे तुहं जायाचं!" पुंजाजीकाकाची बायको! तिच्यामागं चार बाया, चारही सुरात! त्यायच्यामागं काका, काखेत पांढऱ्या कापडाचा अख्खा ताका, हातात हार. गल्ली गोळा झाली. समोरची बाई हातातलं पीठ तसंच घेऊन पळत आली अन् माह्या गळ्यात पडली! काय सांगू मी तिले?

अन् तेवढ्यात गोंधळ ऐकून आमचे हे बाहेर आले. बनियनवर. हातात स्क्रूचा पेचकस.

काकूचा सूर अर्ध्यातच तुटला. काकानं ह्यायले खालून वर पाह्यलं अन् डाफरले, "अबे, तू तर उभा हायेस!" जसं काही ह्यायनंच काटा मारला! मंग माह्याकडे वळले, "मंग फोन काहून केला बाई?" मी म्हटलं, "तब्येत जास्त हाये म्हटलं, काकाजी. गेले असं कुठं म्हटलं?" तर ओरडले, "अवं, तसंच म्हणतात ना!"

हे तसेच उभे. कारण का जीपजवळ कुलदीपभाऊजी उभे होते. केस पांढरे झालेले, सहा वर्षात. एका हातात अडाप्टर, वायर जमिनीवर लोळून राह्यलेली. दुसऱ्या हातात थैली.

काकाची कटकट सुरूच, "मूर्तिजापूरले गाडी थांबवली ह्यानं! मी म्हटलं, अबे, कोणासाठी घेतं? गेला तो! तर म्हणे, नाही काका, वैनी म्हणाली तब्येत जास्त हाये, तर जास्तच असन. अन् मोसंब्या घेत बसला, एक-एक दाबून! आमी सारे उन्हात!"

ज्यानं सहा वर्षापूर्वी तोच फोन केला होता ना, तोच! त्याले माहीत नव्हतं का ह्याचा अर्थ? पण आपल्या भावावर आलं तर त्यालेही समजून घेता नाही आलं.

हे पायरी उतरले. थैली घेतली त्याच्या हातातून. आत पाह्यलं. अन् इचारलं काय? "गोड हायेत का?"

तो म्हणे, "नाही पाह्यलं दादा. घेतल्या अन् आलो."

मंग हे तोंड धुतो म्हणून न्हाणीघरात गेले, अन् नळ सोडला. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, नळ सुरूच. अमरावतीत! एप्रिलात! जिथं नळ एक दिवसाआड येते! एरवी मी दार तोडलं असतं. पण नाही बोलली. टाकी खाली झाली, नळ फुसफुसाले लागला, तरी नाही बोलली. बाहेर आले तर डोळे लालभडक, अन् मले म्हणे, "डोकं दुखून राह्यलं." तुमाले सांगते, नवऱ्याचं डोकं दुखते हे ऐकून एवढं बरं वाटलेली बाई मीच एक असन!

मंग काय! अकरा माणसाचा स्वयंपाक. माणूस वारला म्हणून आले होते, उपाशी थोडेच जाणार? हॉलमधी गव्हाचे पोते, त्यायच्यावरच बसले सारे जेवाले. अन् आतमधी, आठ बाय दहाच्या खोलीत, दोघं भाऊ. अडाप्टर लागला. टीव्हीवर रणगाडे आले. दोघायनं मिळून विटायचं एक घर वाचवायचं, असा तो गेम. पण रिमोट एकच! दुसरा अकोल्याले, वाटणीतला, तो आणा असं मी फोनवर बोललीच नव्हती! मंग एक मेला का दुसरा घे, दुसरा मेला का पहिला घे. बोलणं तरी काय? "डावीकडून आला." "पाह्यला." बस, एवढंच, दोन तास.

निघायची वेळ झाली तर कुलदीपभाऊजीचा हात सवयीनं गेला अडाप्टरकडे. त्याच्या हिश्शाचा ना! पिन ओढणार तोच हे म्हणाले, "राहू दे."

त्यानं हात मागं घेतला. "मंग रिमोट आणतो पुढच्या रविवारी," म्हणे. दारात काका अडून बसलेले, "आता हे कोणाच्या हिश्शात धरायचं?" मंग त्यायले काखेतला ताका आठवला. "अन् ह्या कापडाचं काय करू? दुकानदार हे वापस घेत नाही!"

मी आत पाह्यलं. गर्दीत कोणीतरी कूलर फिरवून फुल सोडला होता, अन् थेंब उडून राह्यले होते, थेट टीव्हीवर. मी म्हटलं, द्या इकडं!

तर आता टीव्ही झाकलेला असते, पांढराशुभ्र, सुती, चारही बाजूनं माप बराबर. गहू अजून हॉलमधीच हाये, पाहुणे त्याच्यावरच बसतात, अन् बसल्या बसल्या प्रत्येक बाई इचारते, "कापड मोठं छान हाये वं माया, कुठून घेतलं?"

मी म्हणते, राहू द्या.