‘बरोबर’चा घोळ

घशाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटी गणिताची शिक्षिका, आवाज पार बसलेला.

"ताई, आठ अधिक चार बरोबर किती अधिक पाच?"

"बारा."

"माझी अख्खी पाचवी हेच सांगते. ‘बरोबर’ दिसलं की पुढे उत्तर लिहून मोकळी. दोन्ही बाजू सारख्या हव्यात गं, तिथे सात येतात."

"हेच ओरडून घसा गेला ना? आता आठ दिवस गप्प बस."

"बसते. पण वर्गात."

"आणि शिकवणार कशी?"

"पिशवीत बघ."

"अगं, तराजू?"

"एका पारड्यात आठ आणि चार गोट्या. दुसऱ्यात पाच. बाकीच्या गोट्या मुलांनी टाकायच्या. ‘बरोबर’ हा शब्दच काढायचा नाही."

"आणि त्यांनी बारा टाकल्या तर?"

"तराजू सांगेल. त्याचा घसा बसत नाही."