चुकलेली हाळी

(शहरातल्या मुकुंदवाडीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, भर उन्हाळ्यातली सकाळ. संगणकासमोर तिघं : गेम बनवणारे शंतनू आणि हिमानी, आणि तो खेळून बघायला बिडकीनहून एसटीनं आलेले मेंढपाळ सोनाजी.)

सोनाजी : मेलो का मी?

हिमानी : हो बाबा. मागून गोळी लागली.

सोनाजी : मागून कोण आलं? पाऊल वाजलं नाय, का धूळ उठली नाय.

शंतनू : हीच पहिली तक्रार. ‘शत्रू हवेतून उगवतात.’ खेळणाऱ्या लोकांनी लिहिलंय. आणखी ऐकायचंय? ‘बंदूक पत्र्याच्या डब्यासारखी वाजते.’ ‘माणसं भिंतीत अडकून तिथंच धावत राहतात.’ ‘शत्रूंचे चेहरे तीनच, तेही सख्खे भाऊ वाटतात.’

हिमानी : त्यांना कशाला वाचून दाखवतोयस हे?

शंतनू : त्यांचा आवाज आहे यात. कशात आहे ते कळू दे ना. तीन वर्षं घातली आणि गेम बाजारात आल्यावर तीन आठवड्यांत निकाल लागला. आज दुपारी तीनपर्यंत पुण्याच्या कंपनीला ‘येतो’ म्हणून कळवलं की सुटलो मी.

सोनाजी : पुण्याला काय काम?

शंतनू : दुसऱ्यांच्या गेममध्ये झाडं लावायची.

सोनाजी : झाडं लावणं चांगलंच की, दादा.

हिमानी : खोटी झाडं, बाबा. चित्रातली.

सोनाजी : मग ऱ्हाऊ द्या.

हिमानी : मीही तेच म्हणतेय. दोन महिने दे, दुरुस्त करून पुन्हा देऊ.

शंतनू : काय दुरुस्त करू? आवाज वाढवला, स्फोट वाढवले, शत्रू दुप्पट केले. शिव्याही दुप्पट झाल्या. आणि बाबांनी उभ्या जन्मात गेम खेळलेला नाही.

हिमानी : आणि धरणाच्या कोरड्या तळात तू किती वेळा चाललायस? दोनदा. तेही गाडी काठावर लावून.

सोनाजी : भांडू नका. हे आपलं नाथसागरच ना? भेगा बराबर काढल्यात. लई झ्याक. पण ही मेंढरं कुणाची?

शंतनू : कुणाचीच नाहीत. संगणकाची.

सोनाजी : तरीच! बंदूक वाजली अन् चहूकडं उधळली. कोंबड्या हायत का त्या?

शंतनू : घाबरल्यावर पळणारच ना?

सोनाजी : मेंढरं पांगत नाय, दादा. भ्याली की एकात एक घुसतात. डोकी आत, पाठी भाईर. लांबून बघितलं तर एकच घोंगडी हलतीया वाटावं. लांडग्याला उमजत नाय, धरावं कुणाला.

हिमानी : शंतनू, मेंढ्यांचं हलणं कशावरून घेतलंस?

शंतनू : ...शत्रूंवरून. तोच कोड, फक्त बंदूक काढून घेतली.

सोनाजी : मंजी मेंढरं बी मेंढरं नायत, अन् माणसं बी माणसं नायत. आन् एक सांगू का? राग नका मानू.

शंतनू : तीनशे लोकांचं ऐकलंय. बोला.

सोनाजी : ह्यो शेजारचा पडला, तरी त्यो तसाच पुढं येतोय. मरायचंच ठरवून आल्यागत. ज्याला भ्या नाय, त्याचं आपल्याला तरी काय भ्या वाटायचं?

शंतनू : हे कुणीच लिहिलं नाही.

हिमानी : लिहिलंय की. ‘कंटाळा आला’ असं लिहिलंय. बाबा, जरा पुढं चला. डावीकडच्या टेकाडावर मेंढपाळ उभा आहे, बघा. शत्रू आले की तो हाळी देतो. तुमच्याच आवाजात. ऐका हं.

सोनाजी : आँ! परत वाजवा.

हिमानी : ही घ्या.

सोनाजी : अरं देवा! ही धोक्याला लावली व्हय तुम्ही? ही तर पाण्याची हाळी!

शंतनू : अहो, रेकॉर्ड करताना तुम्हीच दिलीत!

सोनाजी : तुम्ही म्हनलात, बाबा, सगळ्यात मोठी हाळी द्या. सगळ्यात मोठी पाण्याचीच असती. टेकाडापल्याड लंगडं मेंढरू ऱ्हायलं असंल, तर त्याच्या बी कानावर गेली पाहिजे. ही ऐकून तर सगळा कळप पळत यायचा, लांडग्याच्या तोंडात!

हिमानी : मग धोक्याची कोणती?

सोनाजी : धोक्याला कोण वरडतं, ताई? वरडलं की लांडग्याला आपला ठावठिकाणा मिळतो. जिभंनं टक् करायचं. एकदाच. कुत्रं उठतं, मेंढरं गोळा व्हत्यात. सगळं गप. मंग गवतातलं पाऊल बी ऐकू येतं.

शंतनू : परत करा.

सोनाजी : टक्.

शंतनू : हिमानी, पाऊल आहे आपल्या गेममध्ये! मागून येणाऱ्याच्या पावलांचा आवाज मी घातला होता. गेल्या दिवाळीत चार दिवस बसलो होतो त्यावर. तो या हाळीखाली आणि आपल्या ढोलताशांखाली गाडला गेला. सगळंच वाजतंय, म्हणून काही ऐकू येत नाही.

हिमानी : मग ही हाळी काढून टाकायची?

सोनाजी : काढू नका, ताई. औंदा दोन महिनं झालं, दिलीच नाय म्या.

हिमानी : का?

सोनाजी : टँकर येतो हौदावर. मेंढरं सकाळधरनं तिथंच उभी. हाळी कुणाला देऊ? अन् रान बी कुठं ऱ्हायलं? कारखान्याचं रस्तं झालं. ह्ये रुंद! दोन्हीकडं खांब अन् मधून आमचा कळप. पर पाऊस काय कायमचा जात नसतो. विसरू नये म्हून मनातल्या मनात देऊन बघतो.

शंतनू : शेवटी लावू.

हिमानी : काय?

शंतनू : ही हाळी. लढाई संपली, सगळं गप्प. मग टेकाडावरून ही एकदाच. लोक, मेंढरं, लपलेले सगळे खाली उतरतात. आत्ता शेवटी काय आहे आपल्याकडं?

हिमानी : स्फोट. आणि गेम बनवणाऱ्यांची नावं.

सोनाजी : नावं कशाला पाहिजेत?

हिमानी : तुमचंही आहे त्यात.

सोनाजी : मग ऱ्हाऊ द्या.

शंतनू : बाबा, मेंढरं गोळा होताना आधी कोण वळतं? मधली की कडेची?

सोनाजी : ते बोलून नाय कळायचं. उद्या या रानात. बूट घाला. चप्पल भेगंत अडकती.

हिमानी : आणि दुपारी तीनचं काय, शंतनू?

मालनबाई (जिन्याखालून) : पाणी आलंऽऽ! वरच्यांनो, पाणी आलंऽऽ!

सोनाजी : ह्या कोण?

हिमानी : तळमजल्याच्या मालनकाकू. आमच्याकडं आठव्या दिवशी येतं. त्यांनी हाक मारली की तिन्ही मजले मोटार लावायला पळतात.

सोनाजी : बघा. तुमच्या शहरात बी सगळ्यात मोठी हाळी तीच.

शंतनू : हिमानी, रेकॉर्डर...

हिमानी : मघापासून चालू आहे. तू आधी मोटार लाव, पाऊण तासच असतं पाणी.

शंतनू : लावतो. आणि तिकडूनच पुण्याला ‘नाही’ म्हणून कळवतो. बाबा, जाऊ नका हं. बसा.

सोनाजी : सावकाश या. आम्ही पांगत नाय.