तीन नंबरचा चॅनेल

वायरलेसचं नाव काढलंस म्हणून सांगतो. मी साखर कारखान्याची जीप चालवत होतो, तवाची गोष्ट. जीपमध्ये नवा सेट बसवला. बसवणारा आमचा आप्पा, फौजेत सिग्नलला होता. म्हणाला, "एक नंबरवर वजनकाटा, दोनवर ऊसतोड, तीनवर ऑफिस. हा सेट तिन्ही चॅनेल आळीपाळीनं ऐकतो. जिथं कोण बोललं तिथं थांबतो."

"आन् एखादा लयच बडबडला तर?"

"तो बोलत असताना हे बटण दाबायचं. सेट बंद करून परत चालू करेपर्यंत तो चॅनेल गप."

तीन नंबरवर ऑफिसातला कारकून शेतकी साहेबांच्या सूचना दिवसभर वाचून दाखवायचा. रोज सकाळी तो बोलायला लागला की मी पहिलं बटण दाबायचो.

एक दिवस साहेबच जीपमध्ये शेजारी बसले. रहिमतपूरला उसाच्या फडावर जायचं होतं. त्यांच्यासमोर बटण कसं दाबणार? जीप निघाली आणि तीन नंबर सुरू. "सर्वांना सूचना..." पाच मिनिटांनी परत, "सर्वांना सूचना..."

साहेब वैतागले. "कोण रं हा? डोकं उठवलं यानं!"

"साहेब, तुमच्याच सूचना हायत. ऑफिसातनं वाचत्यात."

साहेबांनी मान खिडकीकडं वळवली. मग हळूच म्हणाले, "हे बंद करता येतं का रं?"

त्यांचं वाक्य संपायच्या आत माझं बोट बटणावर. नजर रस्त्यावरच. सेट गप झाला.

साहेब माझ्याकडं वळले. "न बघता सापडलं व्हय रं बटण?"