हनीफच्या नावापुढच्या फुल्या

मंडळी, बसून घ्या. मागे उभे आहेत त्यांनी भिंतीकडे सरका, अजून माणसं येताहेत.

जुम्म्याची नमाज करून तुम्ही तसेच इकडे आलात. कुणी जेवलेलं नाही. शुक्रवारी दुपारी या मेसमध्ये एवढी शांतता मी आजवर ऐकली नव्हती. मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी लिहिणारा माणूस. काल दोन कागद लिहिले होते, ते मुद्दाम खोलीवर ठेवून आलो. कागद हातात असला की मी त्याच्यामागे लपतो. आज लपायचं नाही.

उस्मानचाचा, ही मेस तुमची, हनीफ तुमच्याच गावचा. तुम्ही काल मला म्हणालात, "कर्णिकसाहेब, तुम्ही हनीफला कॉलेजपासनं ओळखत होतात. आमच्यात शिकलेले तुम्हीच. तुम्हीच बोला." चाचा, एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असती तर तुम्ही मला बोलायला सांगितलं नसतंत. ती गोष्ट मी आज इथे सांगणार आहे. सांगावी की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. तरी सांगणार आहे.

काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मंगळवारी खफजीच्या साइटवरचं काम आटपून आपली गाडी परत येत होती. वाळूचं वादळ उठलं, पुढे थांबलेला ट्रक दिसला नाही. दोघे वाचले. हनीफ वाचला नाही. बुधवारी आपण त्याला इथे आखातातच, दम्मामला माती दिली. हनीफ सारंग, पाइपफिटर, वय एकतीस. तिकडे गावी, खाडीकाठी आई आहे, बायको आहे.

आता कॉलेजची गोष्ट.

इथे टाइमकीपर म्हणून येण्याआधी मी मुंबईला एका बँकेत होतो. बँकेचा बास्केटबॉलचा संघ होता, मी त्यात खेळायचो. गुडघा गेला, मग मला खेळाडू बघायला पाठवू लागले. तुमच्यातल्या तरुणांना सांगतो, आपल्याकडे या खेळावर पोट भरत नाही. पण बँकेच्या संघात घेतलं की नोकरी पक्की. पोरगा आयुष्यभराला लागला. एक जागा असायची आणि पन्नास पोरं. कॉलेजच्या सामन्यांत बघायचं आणि सांगायचं, हा पुढे जाईल, हा जाणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी असाच सांगलीला गेलो होतो. तीन दिवस, तीन सामने. हनीफ तिथे मामाकडे राहून शिकत होता. उंच, सडपातळ, पायात कॅनव्हासचे फाटके बूट. मी नेहमीसारखी डायरी उघडली. प्रत्येकाच्या नावापुढे बास्केट झाली की टिंब, चेंडू वाया घालवला की फुली. हनीफच्या नावापुढे टिंबं थोडी. आणि फुल्या, मंडळी, ओळ भरून खाली उतरल्या होत्या.

का? तो चेंडू द्यायचा आणि घेणारा तिथे नसायचा. असला तर त्याची पाठ असायची. कुणाच्या छातीवर आदळायचा, कुणाच्या बोटांतून निसटून बाहेर जायचा. प्रेक्षक हसायचे. त्याच्याच संघातली पोरं ओरडायची, "अरे बघून टाक की!" तिसऱ्या दिवशी मी लिहिलं, ते शब्द मला पाठ आहेत: उंची चांगली, पाय चांगले, डोळा नाही. कॉलेजपुरता ठीक. पुढे जाणार नाही.

आम्ही दुसऱ्याला घेतलं. तो वाईट नव्हता. पुष्कळ बास्केट करायचा. दोन वर्षांत त्याचं खेळणं संपलं, नोकरी राहिली. आज तो तिथेच आहे, सुखात आहे. त्याचा यात काय दोष?

निकाल कळवायची आमच्यात पद्धत नव्हती. "पत्र येईल" म्हणायचं आणि निघायचं. पण हनीफ मैदानाच्या फाटकाशी थांबला होता. सरळ विचारलं, "साहेब, माझं काय?" आणि मी... मी प्रामाणिक माणूस, मंडळी. मला खोटी आशा लावायची नव्हती. मी म्हणालो, "हे बघ, कॉलेजपुरतं छान आहे. याच्यावर अवलंबून राहू नकोस. काहीतरी काम शीक." तो म्हणाला, "बरं झालं साहेब, स्पष्ट सांगितलंत." मला पाणी आणून दिलं. माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

त्याने ते वर्ष पूर्ण केलं नाही. काम शिकला. दहा वर्षं चेंडूला हात लावला नाही.

चाचा, तुम्ही या मेसमध्ये किती वेळा म्हणालात! डाळ वाढता वाढता म्हणायचात, "आमचा हनीफ बँकेत साहेब झाला असता. त्या मेल्या बँकवाल्याचे डोळे फुटले होते काय?" मी समोर ताट घेऊन बसलेला असायचो. हनीफ माझ्याकडे बघायचा, हसायचा आणि तुम्हाला म्हणायचा, "चाचा, बोलू नका, साहेबांना रोटी वाढा."

चाचा, तो बँकवाला मी.

साहेब मला कॉलेजपासनं ओळखतात, एवढंच त्याने तुम्हाला सांगितलं; हे कधी सांगितलं नाही. मला मात्र पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. हजेरीच्या खिडकीशी वाकून म्हणाला, "साहेब, गुडघा कसा आहे?" मी म्हणालो, आपण कुठे भेटलोय? मला आठवत होतं. तरी मी विचारलं.

इथलं पुढचं तुम्ही पाहिलेलंच आहे. मेसमागच्या डांबरावर फिलिपिनो मंडळींनी पट्टे मारले. रिंग हनीफनेच वाकवून दिली, वेल्डिंग करून घेतलं. पण खेळायला जाईना. कुणी म्हणायचं, "लंबू, तू नुसता हात वर केलास तरी बास्केट होईल!" तो म्हणायचा, "मी मेसचे पंखे पुसणार, माझी तेवढीच पोच." मग एका शुक्रवारी त्यांचा एक गडी रात्रपाळी करून झोपला होता. त्यांच्यातल्या बेनीने हनीफला हाताला धरून ओढला. बेनी इथे पहिल्या रांगेत बसलाय. त्याला मराठीचा एक शब्द कळत नाही. तरी सकाळपासून इथेच आहे.

त्या दिवशी मी माझ्या खोलीच्या पायरीवरून बघत होतो. हनीफने डावीकडे बघितलं आणि चेंडू उजवीकडे टाकला. रिकाम्या जागेत. सांगलीसारखाच. माझा हात नकळत खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. आणि बेनी त्या रिकाम्या जागेत पोहोचला. चेंडू आणि बेनी एकाच वेळी. बास्केट. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. बेनी इथल्या अरबीत ओरडत होता, चल, चल, "यल्ला हनीफ! यल्ला!"

हाच चेंडू, मंडळी. ज्याच्यावर मी फुली मारत होतो, तो हाच चेंडू. माणूस जिथे आहे तिथे तो टाकत नव्हता. माणूस जिथे असायला हवा तिथे टाकत होता. सांगलीत तिथे कुणी पोहोचत नव्हतं. फुली मात्र त्याच्या नावापुढे पडत होती. चांगल्या खेळाडूंत तो कसा दिसेल, हेच ठरवायला मला पाठवलं होतं. आणि मी त्याला कच्च्या पोरांत बघून, कच्च्या पोरांच्या चुका त्याच्या नावावर मांडून परत आलो.

मला त्याचा हेवा वाटला होता का? माझा गुडघा गेलेला, आणि हा धावतोय. खूप शोधलं. डायरीत तसं कुठे नाही. पण डायरी मीच लिहिलेली.

तो गेला म्हणून आज त्याला मोठा खेळाडू म्हणावं, असं मी करणार नाही. बँकेत तो टिकला असता की नाही, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कधी कळणारही नाही. मी त्याला आत येऊच दिलं नाही.

गेल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा ट्रंकेतून ती डायरी काढली आणि इकडे घेऊन आलो. म्हटलं, सांगून टाकू. चहाच्या वेळी त्याला बाजूला घेतलं. पानं दाखवली. म्हणालो, "हनीफ, माझं चुकलं. या फुल्या तुझ्या नव्हत्या."

त्याने डायरी हातात घेतली. एकेका फुलीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "नाही साहेब. तुमचं बरोबर होतं. समोरच्याला झेलता येईल असाच चेंडू द्यायचा असतो. मला ते जमत नव्हतं."

मी म्हणालो, "अरे, पण बेनीला झेलता येतो."

"तेव्हा बेनी कुठे होता?"

मी पुन्हा काहीतरी बोलायला लागलो. तेव्हा तो म्हणाला, "साहेब, तुमचं बरोबर होतं असं समजून मी सगळं केलं. काम शिकलो, इकडे आलो. आईला सांगितलं, बायकोला सांगितलं, की बघणाऱ्याने नीट बघून सांगितलंय. आता तुम्ही म्हणता चुकलं. मग मी काय करू याचं? कुठे ठेवू हे? परत काढू नका. आणि कुणाला सांगू नका."

ग्लास विसळून ठेवला आणि गेला.

कुणाला सांगू नका, म्हणाला होता. मी आज एवढ्या माणसांसमोर सांगितलं. त्याचा शब्द मोडला. त्याच्यासाठी मोडला की माझं ओझं उतरावं म्हणून? खरं सांगतो, ओझं उतरलेलं नाही. म्हणजे तेही कारण खोटं ठरलं.

आणि यापुढचं मला सगळ्यात जड जातंय.

त्यानंतरच्या शुक्रवारी तो खेळायला गेला. मी पायरीवर होतो. त्याने बेनीकडे बघितलं, बेनी थांबेपर्यंत वाट पाहिली आणि चेंडू हळूच त्याच्या हातात दिला. कुणालाही झेलता येईल असा. पुढचाही तसाच. बेनी रिकाम्या जागेत धावायचा, मागे वळून बघायचा, चेंडू आलेला नसायचा. बेनी हात पसरून विचारायचा, काय झालं? हनीफ हसायचा. त्या दिवशी त्याचा एकही चेंडू वाया गेला नाही. एकही फुली नाही. आणि त्याचा संघ हरला.

अकरा वर्षांपूर्वी मी त्याला नुसता निकाल सांगितला होता. या वेळी कारणासकट पानं दाखवली. जे थोडं उरलं होतं, तेही मी मोडलं. दोन्ही वेळा खरं बोलण्यासाठी. खरं बोलण्याची ही कसली सवय म्हणायची?

पुढचा शुक्रवार तसाच गेला. मग त्याचं नाव खफजीच्या यादीत आलं. त्या सकाळी हजेरीच्या खिडकीशी आला, कार्ड दिलं. म्हणाला, "साहेब, गुडघ्याला तेल लावत जा. इथला एसी बाधतो." हे शेवटचं.

चाचा, मला माफ करा असं मी म्हणणार नाही. तुम्ही काय म्हणायचं ते माझ्या खोलीवर येऊन म्हणा, नाहीतर इथेच, सगळ्यांसमोर म्हणा. काहीच म्हणाला नाहीत तरी चालेल. ती डायरी मी घेऊन आलोय, या टेबलावर ठेवतो. फुल्या खोडलेल्या नाहीत. खोडून त्या जाणार नाहीत.

आता सगळे उभे राहूया.

अशा वेळी दोन मिनिटं उभं राहतात. वेळ बघायचं काम माझं असतं. या कॅम्पात माणूस किती वाजता आला, किती वाजता गेला, हे मीच लिहितो. आज मी घड्याळ काढून खिशात ठेवतोय. किती वेळ झाला हे मी मोजणार नाही, पुरे झालं असंही मी म्हणणार नाही.

चाचा, तुम्ही बसाल तेव्हा आम्ही बसू.