मापाबाहेरचा श्वास

मुलगी : एकटीच जाऊन आलीस डॉक्टरांकडे? मला न सांगता?

आई : हळू बोल, बाबा जागे आहेत. आणि तुझ्या पर्समध्ये मी कधी डोकावले नाही हो.

मुलगी : मी चष्मा शोधत होते, त्यात छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट निघाला. काय म्हणाले ते?

आई : फुप्फुसं खणखणीत आहेत म्हणाले. या वयाला नवलच, असंही म्हणाले. ते नवल त्यांनी स्वतःजवळ ठेवलं असतं तरी चाललं असतं.

मुलगी : मग गेलीस कशाला?

आई : दम पुरत नाही मला. बाबांच्या चालण्यासाठी तू सकाळी माझं गाणं लावतेस ना, तेव्हा मी इथे भांडी विसळत बरोबर गुणगुणते. दुसऱ्या कडव्यातली ती लांब ओळ आहे बघ, एका श्वासात म्हणायची. परवापरवापर्यंत जात होती. आता मी मध्येच संपते आणि रेकॉर्डमधली बया पुढे जातच राहते.

मुलगी : हे कधीपासून?

आई : आठवडा झाला असेल. रोज थोडं अधिकच. स्वतःच्याच तरुण आवाजाकडून रोज सकाळी हरायचं म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं.

मुलगी : आई, नळ बंद कर आणि बस जरा.

आई : का? डॉक्टर तुला फोनवर वेगळं काही बोलले का?

मुलगी : नाही गं. तुला काही झालेलं नाही. गाण्याला झालंय. म्हणजे, मीच केलंय.

आई : काय केलंस?

मुलगी : लय उतरवली. रोज चिमूटभर, कुणाच्या लक्षात येऊ नये इतकीच. मागच्या आठवड्यात बाबा दारात अडकले होते, आठवतं? पाय जमिनीला चिकटल्यासारखे. गाण्याच्या ठेक्यावर पाऊल टाकलं की त्यांना उंबरा ओलांडता येतो, पण तो ठेका आता त्यांना झेपत नाही. गाणं पुढे पळतं आणि ते मागे राहतात.

आई : पण पट्टी तर तीच आहे. पट्टी हलली असती तर मला पहिल्या सुरात कळलं असतं.

मुलगी : पट्टी हलू दिली नाही. नुसती तबकडी हळू फिरवली असती तर तू घोगरी झाली असतीस, मोठ्या काकांसारखी. कॉम्प्युटरवर लय आणि पट्टी वेगळी करता येतात.

आई : आणि भाव? तो कशात धरून ठेवलास? गाण्यातली ती बाई पहाटे घर सोडून निघालीय. गाडी दारात उभी आहे, मागे वळून बघायलाही तिला सवड नाही. तिला तू रेंगाळत ठेवलंस.

मुलगी : मला बाबांना उभं ठेवायचं होतं.

आई : हं. ते खरं.

मुलगी : त्यांना कळू नये म्हणून तुलाही सांगितलं नाही. आपली चाल मंदावली हे कळलं तर ते चालणंच सोडतील. मग आहेच ती चाकांची खुर्ची.

आई : चादर टाकून ठेवलीय तिच्यावर. पाहुण्यांसाठी आहे म्हणतात.

बाबा : (आतून) दोघींची कुजबुज आटोपली असेल तर मला कुणीतरी चालवा.

मुलगी : आले, बाबा. गाणं लावते.

बाबा : कालचंच लाव. नाहीतर आज आणखी सैल केलं असशील.

मुलगी : काय सैल केलं?

बाबा : मला काय विचारतेस? नाटकघरात तीस वर्षं कपडे बेतले मी, बहिरा नव्हतो. दुसऱ्याच दिवशी कळलं. हे गाणं ज्या नाटकातलं, त्यातला हिचा झगा मी शिवला होता. या एका ओळीसाठी बरगडीपाशी दोन बोटं जास्त सोडली होती, आणि तीही हिने भांडून घेतली. तू जेवढी ओळ लांबवलीस, तेवढा श्वास त्या झग्यात मावत नव्हता. उसवला असता.

आई : मग बोलला का नाहीत?

बाबा : पाय उचलत होता. बोललो असतो तर पोरीने सगळं पूर्ववत केलं असतं आणि मी त्या खुर्चीत बसलो असतो, पाहुण्यासारखा.

आई : आणि मी इकडे छातीचे फोटो काढत फिरतेय.

बाबा : का? काय झालं तुला?

आई : काही नाही झालं. त्या ओळीला दम तुटायचा माझा. वाटलं, आता आपलंही संपत आलं.

बाबा : तरी म्हटलं, रोज तिथेच कशी गप्प होतेस. मला वाटायचं, मला असं चालताना तुला बघवत नाही, म्हणून रडतेस.

आई : भांडी विसळताना रडायला वेळ कुठे असतो? आणि रडलेच तर सुरात रडेन.

बाबा : तेही खरं.

आई : अगं, बंद कर ती रेकॉर्ड. अहो, तुम्ही या दारापर्यंत. मी इकडे उभी राहते आणि म्हणते.

मुलगी : आई, ती लांब ओळ?

आई : बघू. पट्टी दोन सुरांनी खाली घेते. वरची आता जमायची नाही.

बाबा : घे खाली. झगाही सैल करून देऊ.

आई : तोंड बंद आणि नजर माझ्याकडे. पायांकडे बघायचं नाही.

मुलगी : आणि ती निघायची घाई? गाण्यातल्या भावाचं काय म्हणत होतीस?

आई : मी कुठे निघालेय आता? गाडी गेली परत. हं, डावा पाय आधी.

(ती गाते. तो चालतो. दारात थांबतो; मग उंबरा ओलांडून तिच्याकडे येतो.)

मुलगी : बाबा, ओलांडलात. मी हातसुद्धा लावला नाही.

बाबा : ते असू दे. अगं, तू ओळीच्या मध्येच श्वास घेतलास, ऐन उंबऱ्यावर. पूर्वी तिथे घेत नव्हतीस.

आई : पूर्वी तिथे तुम्ही थांबत नव्हता.